मापाचा हात

ज्या वर्षी माझ्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीची बोटं पहिल्यांदा सुजली. लग्नाच्या सकाळी तिने अंगठी घालायला घेतली, तर ती मधल्या पेराच्या पुढे सरकेना. साबण लावून झाला, तेल लावून झालं. शेवटी तिने अंगठी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली आणि म्हणाली, "ताई, तुझ्या लेकीच्या लग्नाचं जेवण अजून पोटात गेलं नाही, तर बोटांत आधीच उतरलं." सगळे हसले. मीही हसले. अंगठी घट्ट झाली याला कोण आजार म्हणतं?

आम्ही दोघी हातमोज्यांच्या कारखान्यात कामाला होतो. कारखाना म्हणजे एका गोदामाचा वरचा मजला. लांबलचक टेबलं, त्यांच्या दोन्ही अंगांना शिलाईची मशिनं, आणि उजेडासाठी खिडकीपाशी कटिंग मास्तरचं टेबल. बायकांचे चामडी हातमोजे आम्ही करायचो. मी अंगठे शिवायची, म्हणून मला सगळे अंगठेवाली म्हणत. मोज्याचा अंगठा वेगळा कापतात आणि फिरवून बसवतात. तो जरासा चुकला, तर घालणारीला दिवसभर आपला हात दुसऱ्याचा वाटतो. धाकटी बोटं शिवायची, पण तिचं खरं काम वेगळं होतं. तिला सगळे मापाची म्हणत.

झालं होतं असं, की ती नवीन आली तेव्हा मास्तरने गंमत म्हणून एक मोजा तिच्या हातात चढवला आणि बघतच राहिला. मधल्या मापाच्या मोज्याला जसा हात लागतो, अगदी तसा तिचा हात होता. बोटं सरळ, तळवा ना रुंद ना अरुंद, मनगट बेताचं. तेव्हापासून मधल्या मापाचा कुठलाही माल निघायचा, तर त्यातला पहिला मोजा तिच्या हातात जायचा. ती कोपर टेबलावर टेकायची, एकेक बोट खाली ओढून बसवायची, मूठ मिटायची, उघडायची, डोळे बंद करायची आणि सांगायची, "करंगळीत हवा आहे," नाहीतर, "अंगठ्याच्या मुळाशी ओढतंय." ती म्हणेल तसा मास्तर पुठ्ठ्याचा साचा कमी-जास्त करायचा. लाकडी पंजाही होता आमच्याकडे, पण मास्तर त्याच्यावर टोपी अडकवायचा. म्हणायचा, "लाकडाला चिमटा बसला तर ते ओरडत नाही. मापाची ओरडते."

लग्नानंतर ती परत कामावर आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "तंग आहे." मास्तरने साचा थोडा वाढवला. पुढच्या मालाला पुन्हा तंग. पुन्हा वाढवला. माप सकाळी घ्यायचं ही मास्तरची शिस्त. सकाळी चामडं थंड असतं, ताठ असतं, खरं बोलतं, असं त्याचं म्हणणं. आणि तिची सूजही सकाळीच जास्त असायची. दुपारपर्यंत ती उतरायची, मग तिचं तिलाही वाटायचं, नसेल काही. मास्तरने टेप उचलून पाहिली नाही. इतकी वर्षं जो हात चुकला नव्हता, तो आताच कशाला चुकेल? माप बदललं असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. आमच्या कारखान्यात तिचा हात म्हणजे घड्याळ होतं. सगळे त्या घड्याळावरून आपली वेळ लावायचे.

सूज फक्त बोटांत नव्हती. संध्याकाळी तिला कणकण यायची. गालांवर तांबूस डाग उठायचे. केस विंचरायला हात वर जात नसे. ती मशिनवर बसली की अंग चोरून बसायची. मी विचारलं की म्हणायची, "झोप झाली नाही गं." तिचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याला सगळे कुलूपवाले म्हणत, मीही. तो म्हणाला, "ताई, ही रात्रभर हात उशीखाली घालून बसते. विचारलं तर उत्तर देत नाही."

आणि मग हळूहळू तिचं मन बिघडत गेलं. आधी गप्प झाली. जी बाई मशिनच्या आवाजावर गाणी म्हणायची, ती शेजारणीशी बोलेना. मग तिला वाटायला लागलं, की टेबलाखाली कुणीतरी तिच्याविषयी कुजबुजतं. ती वाकून वाकून बघायची. डबा उघडायची आणि तसाच मिटायची. एकदा मास्तरने नवा मोजा पुढे केला, तेव्हा ती आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाली, "हा हात माझा नाही. माझा हात कुणीतरी नेलाय."

मास्तर हसला. "नेला असेल तर सांग त्याला, शिवणकाम पण कर म्हणावं."

ती हसली नाही.

त्यानंतर व्यापाऱ्याकडून माल परत आला. खोकीच्या खोकी. सगळे मोजे मोठे. बायकांच्या हातात ते पिशवीसारखे लोंबत होते, असं व्यापाऱ्याने सांगितलं, आणि आणखीही पुष्कळ सांगितलं. मालक वर आले. त्यांनी एक मोजा उचलला, आपल्या हातात घातला. त्यांच्या जाड हातात तो जवळजवळ गेला.

"हे बायकांचं माप आहे, मास्तर?"

"मापाचीने सांगितलं तसं केलं."

"डोकं फिरलेल्या बाईच्या सांगण्यावरून तुम्ही माल कापता?"

झालं. मालाचं खापर तिच्या डोक्यावर. तोवर तिला कुणी वेडी म्हटलं नव्हतं, नुसतं 'जरा बिनसलंय' म्हणत होते. मालकांच्या तोंडून शब्द पडला आणि तो मजलाभर चिकटला. दुसऱ्या दिवशी तिने कात्री घेतली आणि तयार मोज्यांच्या ढिगातली बोटं कापायला सुरुवात केली. शांतपणे, एकेक. "ज्याचे असतील त्याला नेऊन द्या," म्हणत होती. आम्ही तिघी-चौघींनी तिला धरलं. तिचा हात माझ्या हातात आला तेव्हा मला चटका बसला. इतका तो गरम होता.

कुलूपवाल्यांनी आणि मी तिला रिक्षात घालून नेलं. त्या मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला सर्वसाधारण रुग्णालय आहे आणि समोर मनोरुग्णालय. मी तेव्हा नुकतीच लेकीकडून अक्षरं शिकले होते, जोडून जोडून वाचायचे. रिक्षा मनोरुग्णालयापुढे थांबली. धाकटीने पाटीकडे बोट केलं. "ताई, काय लिहिलंय?"

"दवाखाना," मी म्हटलं. शेवटी दवाखानाच होता तो.

आत डॉक्टर होते. नीट भांग पाडलेले, बोलायला शांत. त्यांनी तिला विचारलं, "हा हात कुणाचा?"

"माझा नाही."

"मग कुणाचा?"

"मला काय माहीत. माझा असा नाही."

त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "साहेब, तिची बोटं सुजतात. अंगात ताप असतो. हात लावून बघा, किती गरम आहे."

"आजींनी बाहेर बसावं," ते म्हणाले. मी तेव्हा आजी झालेही नव्हते.

तिला ठेवून घेतलं. औषधं सुरू झाली. ती झोपायला लागली, भिंतीकडे तोंड करून. आवाज कमी झाले म्हणे. पण बोटं तशीच. आता घोटेही. मी डॉक्टरांना गाठलं की ते म्हणायचे, "औषधाने थोडी सूज येऊ शकते."

"औषधाच्या आधीपासून आहे, साहेब."

"तसं नातेवाइकांना वाटतं."

मला काय वाटतं ते मी सांगत नव्हते, मला काय दिसतं ते सांगत होते. पण ते उठून गेले होते.

मी रस्ता ओलांडून समोरच्या रुग्णालयात गेले. हाडांच्या डॉक्टरांपुढे रांगेत उभी राहिले. नंबर आला तेव्हा सगळं सांगितलं.

"पेशंट कुठे आहे?"

"समोर."

"समोर म्हणजे?" त्यांनी खिडकीतून पाहिलं. "अच्छा, तिथे. मग तिथल्या डॉक्टरांना सांगा ना. अशा पेशंटच्या तक्रारींवर आम्हाला काही सांगता येत नाही. त्यांना काहीही वाटत असतं."

"तिला वाटत नाही हो, मला दिसतंय. वेड्या माणसाला सूज येत नाही का?"

"तिकडून डॉक्टरांनी सांगितलं तर बघू."

तिकडच्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, इकडच्यांनी सांगितलं तर पाठवू. मी तो रस्ता किती वेळा ओलांडला असेन! सिग्नलपाशी चप्पल दुरुस्त करणारा बसायचा. तो एकदा म्हणाला, "बाई, तुम्हाला नक्की जायचंय कुठे?" मी म्हटलं, "तेच तर मला कुणी सांगत नाही." शेवटी एके दिवशी मी मनाच्या डॉक्टरांना विचारलं, "साहेब, एवढंच सांगा. गळ्याच्या खालचं सगळं समोरच्या इमारतीत, वरचं तुमच्याकडे. मग माझ्या बहिणीची मान कुठे येते?" तिथली परिचारिका फिसकन हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांना वाटलं, हिलाही तपासायला हवं.

माझा संताप कशाचा होता, ते नीट सांगते. तिला मनाचा आजार झाला, याचा नव्हता. तो कुणालाही होतो, त्यात लाज कसली? तिला खरोखर आवाज ऐकू येत होते, ती खरोखर घाबरत होती, आणि त्यासाठी औषध लागतं हे मलाही कळत होतं. संताप याचा, की एकदा डोक्याचा आजार म्हटल्यावर तिचं बाकीचं अंग कुणालाच दिसेना. तिने 'दुखतं' म्हटलं तर ते दुखणं नाही, तो भास. तिचा ताप हा ताप नाही. हात डोळ्यांपुढे धरला तरी लोक तिच्या डोक्याकडेच बघायचे.

कारखान्यात मी कामावर जातच होते. एकदा मास्तरने मला माल ठेवायच्या खोलीत बोलावलं. परत आलेली खोकी तिथे रचून ठेवली होती. मालकांनी त्यांचं काहीतरी करा म्हणून सांगितलं होतं, म्हणून मास्तर मोजे उसवून त्यातून लहान माप निघतं का, ते बघत होता.

"अंगठेवाली, इकडे ये. हे बघ."

त्याने टेबलावर मोजे ओळीने मांडले होते, ज्या क्रमाने माल गेला त्या क्रमाने. अगदी डावीकडचा लग्नाच्या आधीचा, नमुना म्हणून त्याच्यापाशी राहिलेला. नंतरचा जरासा रुंद. त्याच्या पुढचा आणखी. बोटांच्या पेरांपाशी फुगलेला. एकामागून एक हात सुजत गेलेला, चामड्यात कापून ठेवलेला. माझ्या बहिणीचा हात.

"हा कधीचा?" मी मधला एक उचलला.

"तेव्हा ती गात होती अजून. आठवतं ना, मी ओरडायचो, मशीन चालव, मैफल नंतर." मास्तरने पुढच्या मोज्यावर बोट ठेवलं. "हाही गातानाचाच. म्हणजे आधी हात बिघडला. डोकं नंतर."

तो खाली बसला. "रोज सकाळी हा हात माझ्या समोर टेबलावर असायचा. मी साचा वाढवत गेलो. हात वाढलाय हे मला दिसू नये? आणि वर मालकांना म्हटलं, मापाचीने सांगितलं. ती तर खरंच सांगत होती. तंग आहे, तंग आहे, रोज सांगत होती."

"मास्तर, यातले तीन मला द्या."

"सगळे ने."

ते तीन मोजे घेऊन मी मनाच्या डॉक्टरांकडे गेले. टेबलावर ओळीने ठेवले. हा लग्नाआधीचा, हा ती चांगली होती तेव्हाचा, हा शेवटचा. आधी सूज, मग वेड. बघा.

डॉक्टरांनी मोजा हातात घेतला, चामडं चोळून पाहिलं. "छान मऊ आहे. बायकोला आवडतील असे. कुठे मिळतात?"

मी बाकीचे दोन मोजे त्यांच्यापुढे सरकवले.

मग त्यांनी मोजा खाली ठेवला. "हे बघा बाई, तुमची तळमळ मला समजते. पण सूज कशाने आली, हे मोज्यावरून कळत नाही."

"ते मोज्याने कुठे सांगायचंय? ते तुम्ही शोधायचंय."

"तो माझा विभाग नाही."

ते खोटं बोलत नव्हते. तेवढंच वाईट. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

मी मोजे उचलले आणि भेटीच्या खोलीत गेले. धाकटी बाकावर बसली होती, हात मांडीवर उपडे ठेवून, जणू ते तिला कुणी सांभाळायला दिले होते. मी पहिला मोजा तिच्यापुढे धरला. मोजा दिसल्यावर तिने सवयीने कोपर बाकाच्या कडेवर टेकलं. बोटं घालायला गेली, आत जाईनात.

"तंग," ती म्हणाली. किती दिवसांनी तिचा कामाचा आवाज ऐकला मी!

दुसराही तंग. तिसरा मी उघडून धरला. तिने एकेक बोट खाली ओढलं. मूठ मिटली. उघडली. डोळे बंद केले.

"हा बसला."

"कुणाच्या हाताला?"

पलीकडच्या बाकावर एक बाई कुणाशीतरी एकटीच भांडत होती.

"माझ्या," ती म्हणाली. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "ताई, हे मधलं माप नाही."

"नाही."

"म्हणजे हात सुजलाय माझा."

"हो गं बाई."

"तेच मी सांगत होते त्यांना. माझा हात असा नाही. ते लिहून घेतात नि मान हलवतात." आणि ती रडायला लागली. मोजा काढू देईना.

त्या दिवशी मी कुलूपवाल्यांना म्हटलं, "तिला बाहेर काढा. सही तुमची लागते."

"ताई, डॉक्टर नको म्हणतात. घरी पुन्हा कात्री घेतली तर?"

"तर मी आहे. कात्र्या सगळ्या माझ्या घरी आणून ठेवा. जगाची कुलपं उघडता, एवढं एक तुमच्याने उघडवत नाही?"

तो माणूस वाईट नव्हता, भ्यायलेला होता. सही केली त्याने.

माझ्या लेकीच्या सासूचे गुडघे धरायचे, ती सांध्यांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे जायची. तिथे नेलं. लहानशी खोली, खिडकीत कुंडी. डॉक्टरीणबाईंनी धाकटीला काही विचारायच्या आधी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. एकेक पेर दाबून पाहिलं. गालांवरचे डाग उजेडात पाहिले. मग म्हणाल्या, "किती दिवस सोसलंत हो."

एवढंच हवं होतं आम्हाला. कुणीतरी हात हातात घ्यायला.

रक्त तपासलं, आणखीही काय काय तपासलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीर बाहेरच्या शत्रूशी लढायला जी आग पेटवतं, ती कधीकधी आपल्याच घराला लावतं. सांधे सुजतात, कातडी तापते, मूत्रपिंडाला धोका असतो. आणि ती आग मेंदूपर्यंतही पोचू शकते. तेव्हा माणूस गप्प होतो, घाबरतो, नको ते ऐकतो.

"म्हणजे सगळे वेडे असे सुजलेले असतात?" कुलूपवाल्यांनी विचारलं.

"नाही. सगळ्यांचं असं नसतं. पुष्कळांच्या आजाराची कारणं वेगळी असतात, काहींची अजून कुणाला नीट ठाऊक नाहीत. पण हिच्या अंगावर खुणा होत्या. हिचं आधी बघायला हवं होतं." मग म्हणाल्या, "मनाची औषधंही एकदम थांबवू नका. दोन्ही लागतील. डोकं आणि अंग एकाच माणसाचं आहे."

औषधं कडक होती. चेहरा गोल झाला, भूक वाढली. पण सूज उतरत गेली, आणि तिच्यामागोमाग भीतीही. एका दुपारी मी दार लोटलं तर आत कुणीतरी गुणगुणत होतं. दारातच थबकले. ती भांडी पुसत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, अशी उभी का, उधारीवाल्यासारखी?"

त्यानंतरची काही वर्षं ती चांगली होती. अधूनमधून सूज यायची, डॉक्टरीणबाई औषध वाढवायच्या, मग ती उतरायची. तिला कामावर परत यायचं होतं. मी मालकांकडे गेले.

"ती बरी झाली याचा आनंदच आहे," मालक म्हणाले. "पण बायका घाबरतात. शेवटी कात्र्या असतात इथे."

"तिला अंगाचा आजार होता, मालक. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुठे ठेवलं होतं तिला? त्या इमारतीतच ना? मग झालं."

आणि मनोरुग्णालयाच्या डॉक्टरांना एकदा रस्त्यात भेटले, तर त्यांनी तिची चौकशी केली आणि म्हणाले, "बघा, आमच्या औषधांचा गुण आला ना शेवटी?" मी ओठ चावून पुढे निघाले.

मास्तर मात्र, नवा साचा काढला की, मोजा खिशात घालून संध्याकाळी तिच्या घरी जायचा. मालकांना पत्ता नव्हता. ती कोपर टेबलावर टेकायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "करंगळीत हवा आहे." तो आधी तिचा हात उलटा-सुलटा करून बघायचा, सूज नाही ना. मग साच्यावर खूण करायचा. एकही मोजा परत आला नाही.

मग ती थंडी आली. डॉक्टरीणबाई त्यांच्या आईच्या आजारपणासाठी दूर गेल्या होत्या. धाकटीला ताप चढला, पाय सुजून खांबासारखे झाले, लघवी जवळजवळ बंद. आणि बोलणं पुन्हा भरकटायला लागलं. आम्ही तिला सर्वसाधारण रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेलं. मी दारातच सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी जसं शिकवलं होतं तसं. सांध्यांचा आजार, मूत्रपिंडाला धोका, मेंदूलाही. तरुण डॉक्टर ऐकत होता. त्याने तिच्या पायाकडे हातही नेला. तेवढ्यात स्ट्रेचर ढकलणारा म्हणाला, "साहेब, ही तर समोरची. मी तिकडे कामाला होतो तेव्हा नेलंय हिला. मोजे कापायची ती."

डॉक्टरने हात मागे घेतला. माझ्या डोळ्यांसमोर मागे घेतला.

"मला सोडा, माझा हात नेऊ नका," धाकटी ओरडली, आणि मग तर विचारायलाच नको. तिला झोपेचं इंजेक्शन दिलं आणि आम्हाला म्हणाले, समोर घेऊन जा.

"तिचे पाय बघा हो! पाय बघा!"

"आजी, तिथे सगळं बघतात."

रस्ता ओलांडून नेलं. कुलूपवाले खुर्ची ढकलत होते, मी हात दाखवून गाड्या थांबवत होते. समोरच्यांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, "ही तर शुद्धीवर नाही. आम्ही अशी घेत नाही. तिकडे न्या." पुन्हा रस्ता. चप्पल दुरुस्त करणारा उठून उभा राहिला आणि आमच्यासाठी त्याने गाड्या अडवल्या. त्या दोन इमारतींच्या मधे आमच्यासाठी कामाला आलेला तो एकच माणूस.

शेवटी पहिल्या रुग्णालयानेच तिला ठेवून घेतलं, व्हरांड्यात. सकाळी मोठे डॉक्टर आले, त्यांनी पाय दाबून पाहिले, रक्त मागवलं आणि ज्युनिअरला म्हणाले, "मूत्रपिंडं गेलीत हिची. काल का नाही कळलं?" मी होते ना तिथे, उत्तर मी दिलं. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं दिलं. मला बाहेर काढायला माणूस आला, पण तोवर माझं बोलून झालं होतं.

मला नंतर लोक म्हणाले, आता कशाला चिडतेस, ती तर सुटली. ती सुटली नाही. तिला सोडलं, हातातून सोडलं, एकदा इकडून आणि एकदा तिकडून. ती अंगाच्या आजाराने गेली हे त्यांनी मान्य केलं, पण ती गेल्यावर केलं. जिवंत असताना कुणी करेना.

मास्तर आला तेव्हा त्याच्या खिशात मधल्या मापाचा नवा मोजा होता. त्या संध्याकाळी तो तिच्याकडे जाणार होता. त्याने तिचा हात हातात घेतला, बघितला आणि मोजा परत खिशात घातला.

माझी धाकटी बहीण, कुलूपवाल्यांची बायको, जिला कारखान्यात मापाची म्हणत, ती माझी पहिली नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी सर्वसाधारण रुग्णालयाच्या व्हरांड्यात वारली.